रेल्समध्ये ‘दिवस’चा ‘दिवा’ का होतो?

‘रूबी ऑन रेल्स’ हे वेबसाइट बनवण्याचे फ्रेमवर्क डेव्हिड हायनमायर हान्सन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात कोणता भाग कुठे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. रेल्स तो नावावरून शोधते. क्लासचे नाव एकवचनी, डेटाबेसमधल्या टेबलाचे अनेकवचनी. म्हणजे ‘इन्व्हॉइस’चे टेबल ‘इन्व्हॉइसेस’ आणि ‘पर्सन’चे चक्क ‘पीपल’.

मात्र हे व्याकरण इंग्रजीचे आहे. समजा, मंडळाच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेसाठी तुम्ही रोमन लिपीत ‘उत्सव’ आणि ‘दिवस’ असे क्लास केले. ‘उत्सव’मध्ये ‘हॅज मेनी दिवस’ लिहिले, की रेल्स शेवटचा ‘एस’ अनेकवचनाचा समजून काढून टाकते आणि ‘दिवा’ नावाचा क्लास शोधते. तो नसतोच, त्यामुळे एरर येते. ‘माणूस’चा असाच ‘मनू’ होतो.

उपाय दोन आहेत. ‘इन्फ्लेक्शन्स’ फाइलमध्ये हा शब्द ‘अनकाउंटेबल’ म्हणून नोंदवा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा. किंवा त्याच ओळीत क्लासचे नाव स्पष्ट लिहा. मराठी नावे जरूर ठेवा. फक्त ‘एस’ने संपणारी आधी तपासून घ्या.