हॉट रॉड : पुढचे शॉकअप-माउंट

१९३२ च्या फोर्डसारख्या अमेरिकी गाड्यांवरून बांधलेल्या हॉट रॉडमध्ये शॉकअप कोणत्या कंपनीचा, यापेक्षा त्याचा माउंट चासीवर कुठे आणि किती तिरका बसवला हे अधिक निर्णायक ठरते. मूळ गाडीला पुढे पाट्यांची आडवी स्प्रिंग आणि तरफेने चालणारे शॉकअप होते. त्यांच्या जागी नळीसारखे शॉकअप लावताना १९४८–५२ च्या फोर्ड एफ-१ पिकअपचे वरचे माउंट वापरायची चाल पडली. शॉकअप कलला की चाकाला मिळणारा अवरोध कोनाच्या कोसाइनच्या वर्गाप्रमाणे घटतो : ३०° ला सुमारे पाऊणपट, ४५° ला निम्मा. उसळी शमवायला स्प्रिंगच्या पाट्यांमधले घर्षणच पुरेसे आहे, हा आक्षेप टिकत नाही. घर्षण वेगानुसार फारसे बदलत नाही, शॉकअपमधल्या तेलाचा अवरोध मात्र वेगाबरोबर वाढतो. शिवाय हौशी मंडळी पाट्यांत प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालून तेही घर्षण कमी करतात. स्टिअरिंगच्या दांड्याला जागा सोडण्यापुरता कल क्षम्य, दिखाव्यासाठी नव्हे. भोके पाडण्यापूर्वी इंजिनासकट सगळे वजन चाकांवर हवे आणि शॉकअपचा दट्ट्या आवाक्याच्या साधारण मध्यावर. नाहीतर अॅक्सल रबरी ठोकळ्याला टेकण्याआधीच शॉकअप तळाला लागतो आणि धक्का माउंटच्या वेल्डिंगवर येतो.