गावात मानसोपचाराची प्रॅक्टिस सुरू करायची तर काय लागतं?

पवना धरणाच्या काठावरचं पवनानगर हे मावळातल्या आसपासच्या गावांचं बाजाराचं ठिकाण. इथे दवाखाना किंवा मेडिकल उघडलं की काही दिवसांत सगळ्यांना कळतं. मानसोपचाराच्या खोलीची अडचण नेमकी तीच आहे. आत कोण गेलं, हेही सगळ्यांना कळतं. म्हणून अशा ठिकाणी खासगी प्रॅक्टिस सुरू करणं आणि ती टिकवणं, यासाठी पुण्यातल्यापेक्षा थोडा वेगळा विचार करावा लागतो.

कोण प्रॅक्टिस करू शकतं?

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे डॉक्टर असतात आणि औषधं देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार आणि मानसशास्त्रीय चाचण्या करतात. त्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ही परिषद 1992 च्या कायद्याने चालते.

'समुपदेशक' किंवा 'थेरपिस्ट' अशी पाटी मात्र वेगवेगळं शिक्षण घेतलेली माणसं लावतात. इतर सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशकांना नियमनाखाली आणणारा कायदा 2021 मध्ये झाला. त्यामुळे पाटीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक स्पष्ट लिहिणं योग्य. येणाऱ्यानेही ते विचारावं. त्यात कुणाचा अपमान नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार आपल्या क्षेत्राबाहेरचं औषध किंवा उपचार सुचवता येत नाहीत. म्हणजे डॉक्टर नसलेल्या थेरपिस्टने झोपेची गोळीही सुचवायची नाही.

कागदपत्रं कोणती?

महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाला व्यवसाय कर भरावा लागतो. तो साधारणपणे वर्षाला 2,500 रुपये असतो. मोजकेच कामगार असलेल्या लहान आस्थापनेला 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार नोंदणीऐवजी फक्त सूचना द्यावी लागते. जागा भाड्याची असेल तर करारात वापराचा हेतू लिहून घ्यावा.

गुप्तता कशी राखायची?

2017 च्या कायद्याने उपचार घेणाऱ्याला गुप्ततेचा हक्क दिला आहे. त्याला अपवाद आहेत. जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढी माहिती देता येते. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे. हे सगळं पहिल्याच भेटीत सांगून त्यावर लेखी संमती घ्यावी.

गावात आणखी एक पेच असतो. समोर बसलेली व्यक्ती नात्यातली किंवा घरमालकाची सून निघू शकते. जवळच्या नात्यातल्या माणसावर स्वतः उपचार करू नयेत, त्याला दुसऱ्याकडे पाठवावं. दोन भेटींमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवली, तर एक जण बाहेर पडताना दुसरा दारात भेटत नाही. काही जण पवनानगरऐवजी कामशेत किंवा तळेगावात भेटणं पसंत करतील, काहींना फोनवर बोलणं सोपं वाटेल. पण घरात बोलायला एकांत आहे का, हे आधी विचारावं.

पैशाचं गणित कसं?

समजा, फी 800 रुपये आहे आणि आठवड्याला 12 सेशन ठरली. भातलावणी, लग्नसराई किंवा चुकलेली एसटी यामुळे 3 रद्द झाली, तर हातात 7,200 रुपये येतात. चार आठवड्यांचे 28,800. त्यातून भाडं, प्रवास आणि सुपरव्हिजनचा खर्च जातो. म्हणून सुरुवातीला आठवड्यातले दोन दिवस इथे आणि बाकी दिवस शाळा, रुग्णालय किंवा शहरातल्या केंद्रात काम, ही विभागणी जास्त टिकते. सवलतीच्या जागा किती, हेही आधीच ठरवावं. नाहीतर नाही म्हणता येत नाही आणि वर्षभरात प्रॅक्टिस बंद पडते.

एकट्याने किती पेलायचं?

सगळंच एका खोलीत हाताळता येत नाही. तीव्र आजारात सायकियाट्रिस्ट लागतो. व्यसनासाठी पुण्यात 1986 पासून मुक्तांगण आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेल्या 'आयपीएच'ने संस्थेच्या रूपात, अनेकांनी मिळून काम करण्याची वाट दाखवली. एकट्या थेरपिस्टनेही अशा ठिकाणांची यादी, अनुभवी सुपरव्हायझर आणि स्वतःसाठी सुट्टी हे पहिल्या दिवसापासून ठरवलेलं बरं.

आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्याला पुढच्या आठवड्याची वेळ देऊन घरी पाठवता येत नाही. त्याच दिवशी घरच्यांपैकी विश्वासाचं माणूस आणि डॉक्टर यांच्याशी जोडून द्यावं लागतं. खोली बंद असताना कुठे फोन करायचा, हेही दारावर लिहिलेलं असावं. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते. क्रमांक 14416.