भोकरवाडीचं कुळ

रात्रीची जेवणं उरकलेली आहेत. चार-दोन मंडळी नुसतीच बसून आहेत, बोलायला विषय नाही. तेवढ्यात नाना चेंगट कुठून तरी खबर घेऊन येतो. ती ऐकून बाबू पैलवान अंगातल्या ताकदीच्या भरवशावर पुढे सरसावतो. गणामास्तर चार बुकं जास्त शिकल्याच्या अधिकारानं मत देतो. बेत ठरतो, बेत फसतो, सगळ्यांची फजिती होते. पुढच्या गोष्टीत हीच मंडळी पुन्हा जमतात, आणि मागच्या फजितीतून कुणीही काडीचं शहाणपण घेतलेलं नसतं. द. मा. मिरासदारांच्या ‘भोकरवाडीच्या गोष्टीं’चा हा साचा आहे. मराठी विनोदातलं हे मला सगळ्यात जवळचं गाव, आणि त्याचं कुळ फार जुनं आहे.

या कुळाचा मूळपुरुष श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. 1902 साली ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात त्यांचा ‘साक्षीदार’ हा लेख आला आणि पुढे ‘सुदाम्याचे पोहे’ हे पुस्तक उभं राहिलं. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट त्यांनी घडवलं. आज शिमगा, उद्या श्रावणी, परवा गणेशचतुर्थी. प्रसंग बदलत गेले, माणसं तीच राहिली. कोल्हटकरांना रूढींवर टीका करायची होती, आणि ओळखीची झालेली माणसं ती टीका वाचकाच्या घरात सहज घेऊन जात होती.

त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी. त्यांनी ‘बाळकराम’ या नावानं लिहिताना ठकीच्या लग्नाचा घोळ घातला. चिं. वि. जोश्यांनी हाच धागा चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्या हाती दिला. जोशी बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ 1933 साली आलं, आणि पुण्यातल्या एका गरीब कारकुनाचा संसार सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीचा झाला. ठकीसाठी स्थळं शोधली गेली तशी चिमणरावाच्या बहिणीसाठी, चिमीसाठीही शोधली गेली, आणि त्या खटाटोपावर मास्टर विनायकांनी 1940 साली ‘लग्न पहावे करून’ हा चित्रपट काढला. उपवर मुलगी, रिकामा खिसा, घरी येऊन बसलेले पाहुणे, हे विषय तीस-चाळीस वर्षं फिरून फिरून येत राहिले. लोकांना ते शिळे वाटले नाहीत, कारण घरोघरी ते दरवर्षी नव्यानं घडत होते.

मात्र तोवरचा हा विनोद पांढरपेशांच्या माजघरातला होता. तो पारावर आला तो मिरासदारांच्या पिढीत. मिरासदारांचा जन्म 14 एप्रिल 1927 चा, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजचा. शिक्षण अकलूजला आणि पंढरपूरला झालं, पुढे पुण्यात शिक्षकी आणि प्राध्यापकी केली. भोकरवाडी नकाशावर नाही, पण तिच्या बोलीला नीरा-भीमेकाठचं पाणी आहे. ‘माझी पहिली चोरी’, ‘भुताचा जन्म’, ‘व्यंकूची शिकवणी’ ही नुसती नावं वाचली तरी त्यांचे आवडते विषय कळतात: शाळा, भुतं, चोऱ्या, आणि सगळ्यांत मोठा विषय म्हणजे गावाचं रिकामपण. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे हाताला काम नाही असे दिवस वर्षात पुष्कळ. त्या दिवसांत माणसं एकमेकांना धरून कशी राहतात, हे मिरासदारांनी हसवत हसवत लिहून ठेवलं. म्हणून भोकरवाडीतली फजिती कुणाचा अपमान करत नाही. फसलेल्या माणसालाही बैठकीत त्याची जागा तशीच असते.

मिरासदारांनी आणखी एक गोष्ट केली. साठच्या दशकापासून व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि ते स्वतः गावोगाव कथाकथन करू लागले. लेखकानं माइकसमोर यायचं आणि कागद न वाचता गोष्ट सांगायची. पंढरपुरात वाढलेल्या माणसाला हे परकं नव्हतं. तिथे कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा एकटाच सगळ्या पात्रांचे आवाज काढतो, आणि संत एकनाथांच्या भारुडात विंचू चावल्याचं सोंग बघता बघता परमार्थाचं होऊन जातं. मिरासदार पात्राचं बोलणं त्याच्या ठसक्यात म्हणायचे आणि हशा ओसरेपर्यंत थांबायचे. ते थांबणं छापील पानावर दिसत नाही, पण गोष्टीचा अर्धा जीव त्यात आहे. व्याख्यानमाला, गणेशोत्सव, कॉलेजची गॅदरिंगं यांतून या गोष्टी न वाचणाऱ्यांपर्यंतही पोचल्या. 1998 च्या परळी वैजनाथच्या साहित्य संमेलनाचे मिरासदार अध्यक्ष झाले, तो या सांगण्याचाही मान होता.

जपानमध्ये हेच कुळ चित्रांत वाढलं. माचिको हासेगावा यांची ‘साझाए-सान’ ही चित्रमालिका 1946 साली फुकुओकाच्या वर्तमानपत्रात सुरू झाली. युद्धानंतरच्या टंचाईत एका घरातल्या रोजच्या गमती चार चौकटींत मावायच्या. या चार चौकटींची रीत ठरलेली आहे: आरंभ, वाढ, कलाटणी, शेवट. भोकरवाडीची गोष्ट या रीतीत चपखल बसते: खबर, बेत, फजिती, पुन्हा बैठक. आपल्या घरात मुलं ज्याच्यावर जीव टाकतात तो शिनचॅनही 1990 साली अशाच ‘मांगा’ म्हणजे जपानी चित्रकथेतून आला. पुढच्याच वर्षी, 1991 मध्ये, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ ‘सकाळ’मध्ये अवतरला. पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, जोशीकाकू यांच्यासह तोही वर्षानुवर्षं तेवढाच राहिला.

पात्रं मोठी होत नाहीत, सुधारत नाहीत, हा या लेखनाचा दोष सांगितला जातो. मला तोच त्याचा प्राण वाटतो. वाचकाचं आयुष्य पुढे सरकत असतं. त्याला परत जाता येईल अशी एक बैठक कायम भरलेली असावी लागते.

मिरासदार 2 ऑक्टोबर 2021 रोजी गेले. आज अकलूजच्या किंवा सांगोल्याच्या पारावर बसलेल्या पोरांच्या हातात मोबाइल आहे, पण खबर आणणारा, उडी घेणारा आणि मत देणारा त्यांच्यातही आहेच. त्यांच्या बोलीत, त्यांच्यावर माया करून लिहिणारा कुणी निघाला, तर या कुळाला पुढचा वारस मिळेल. असा लेखक सोलापूर जिल्ह्यातूनच निघावा अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.