प्रार्थनेतला जपानी डफ

सेवाग्रामच्या आश्रमात प्रार्थनेची सुरुवात आजही ‘नम्यो हो रेंगे क्यो’ या जपानी बौद्ध मंत्राने होते. आमच्या नांदगाव खंडेश्वरकडून बापूकुटी पाहायला जाणाऱ्यांच्याही तो कानावर पडतो. हा मंत्र तिथे कसा आला, ते वऱ्हाडातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू १९३३ साली वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथाचे भिक्षू हातात एक डफ घेऊन चालतात. गोल कड्यावर ताणलेलं एकपदरी कातडं, धरायला दांडी, वाजवायला काठी. ठोक्यागणिक मंत्र म्हणायचा आणि पाऊल पुढे टाकायचं. पुढे याच पंथातला एक भिक्षू सेवाग्रामला राहिला. डिसेंबर १९४१मध्ये जपान युद्धात उतरला आणि सरकारने त्याला आश्रमातून नेलं. जुलै १९४२मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला खुलं पत्र लिहिलं. त्यात जपानच्या आक्रमणाचा कडक निषेध आहे आणि त्या भिक्षूची मायेने काढलेली आठवणही आहे. त्याची प्रार्थना आणि छोटा डफ मागे राहिला, आमची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना आम्ही त्यानेच सुरू करतो, असं त्यांनी कळवलं.

तीन वर्षांनी अणुबॉम्बने हिरोशिमा आणि नागासाकी बेचिराख झाली. १९४५ संपेपर्यंत दोन्ही शहरांत मिळून सुमारे दोन लाख माणसं गेली. जे वाचले ते हिबाकुशा. त्यांनी १९५६ साली ‘निहोन हिदानक्यो’ ही संघटना उभी केली. १९८२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण अधिवेशनात नागासाकीचे सेन्जी यामागुची बोलले. बॉम्ब पडला तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. पुन्हा हिबाकुशा होऊ देऊ नका, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्याच अधिवेशनासाठी फुजी गुरुजींचे भिक्षू डफ वाजवत न्यूयॉर्कपर्यंत पायी गेले होते. सेवाग्रामला प्रार्थनेत वाजलेला डफ आता अण्वस्त्रांविरुद्ध वाजत होता.

या कुळकथेत अमरावती जिल्ह्याचाही वाटा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९३६ साली सेवाग्रामला गांधीजींजवळ राहिले होते. १९५५मध्ये ते जपानच्या विश्वधर्म व विश्वशांती परिषदेला गेले आणि वऱ्हाडची खंजिरी तिथे दुमदुमली. अण्वस्त्रांविरुद्धची पहिली जागतिक परिषद हिरोशिमात भरली, ती याच वर्षी.

२०१७ साली १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीचा करार मंजूर केला. २०२४चं शांततेचं नोबेल हिदानक्योला मिळालं. भारत मात्र अजून त्या करारात नाही, आणि हिबाकुशा आता वयाने थकले आहेत. त्यांचं म्हणणं पुढे नेणं आपल्याही वाट्याला आलं आहे. आपल्या गावोगावी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. येत्या ६ ऑगस्टला त्या प्रार्थनेत हिरोशिमा-नागासाकीची हकीकत मुलांना सांगा आणि अण्वस्त्रबंदीच्या करारात भारतानेही यावं, असा ठराव ग्रामसभेत मांडा.