मंडळीत आलेला नवा माणूस

मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. नगरची मंडळी, राहुरीची मंडळी, मंडळीचे पाळक, मंडळीचे वडील. मराठीच्या अध्यापकाला हा शब्द प्रथम भेटतो तेव्हा किंचित हसू येते, कारण आपल्या बोलण्यात मंडळी म्हणजे जमलेले लोक, घरची माणसे, लग्नाची वऱ्हाडी, आणि जुन्या पिढीच्या संकोची पुरुषाच्या तोंडी तर चक्क बायको. परंतु शब्द मोठा नेमका आहे. मंडळीला भिंत नसते. कोण आला नि कोण बसला यावर मंडळी ठरते. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती समाजाने नव्याने आलेल्या माणसाला कसे आत घेतले, हा प्रश्न मनात धरून आम्ही काही परिचित पुस्तके पुन्हा वाचली, तेव्हा एक गोष्ट जाणवली. आत घेण्याचे खरे काम दारावरच्या रामरामाने झालेले नाही. ते प्रार्थनेच्या भाषेने, चालीने आणि बैठकीने झाले किंवा अडले.

आरंभ ख्रिस्ती नसलेल्या मंडळीपासून करावा लागतो. १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली. सभा गुप्त. दादोबा पांडुरंगांनी रचलेल्या प्रार्थना तेथे म्हटल्या जात, आणि नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पाव खाल्ला की जात गेली, आणि जात गेली की माणूस आत आला, असा हिशेब होता. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी फुटली आणि मंडळीही फुटली. तिच्यात काही काळ वावरलेल्या बाबा पद्मनजींनी मात्र आधीच, १८५४ साली बेळगावात, उघडपणे बाप्तिस्मा घेतला होता. दोन्हीकडे प्रार्थना होती आणि दोन्हीकडे भाकरीही होती. एकीकडे ती जात मोडल्याचा दाखला होती आणि चोरून खायची होती. दुसरीकडे प्रभुभोजनात सर्वांनी मिळून, सर्वांदेखत घ्यायची होती. हा फरक लहान नाही. चोरून खाल्लेल्या पावाने परमहंसांचे बाहेरच्या जगाशी असलेले नाते बदलले नाही. घरी ते पूर्वीचेच राहिले.

प्रभुभोजनातही प्रश्न आपोआप सुटत नव्हता. अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) १८३१ साली पोहोचले. सुरुवातीस काही ब्राह्मण तरुणांचा बाप्तिस्मा गाजला, पण पुढे मंडळ्या भरल्या त्या मुख्यतः खेड्यापाड्यांतील महार कुटुंबांनी. ब्राह्मणाने आणि महाराने एका प्याल्याला ओठ लावणे ही त्या काळी कल्पनेपलीकडची गोष्ट होती. नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय ज्यांनी वाचला असेल त्यांना आठवेल की, सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आणि मळक्या वस्त्रांतला दरिद्री एकाच वेळी आले असता पहिल्याला चांगली जागा देऊन दुसऱ्याला पायाशी बसवण्याबद्दल तेथे कडक कानउघाडणी आहे. हे पत्र अठराशे वर्षांपूर्वीच्या दूरदेशीच्या मंडळीला लिहिलेले असले, तरी नगर जिल्ह्यातील कोणत्याही गावात त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

येथे गाण्याचा विषय येतो. प्रारंभीची मराठी ख्रिस्ती गीते बहुधा इंग्रजी गीतांची, इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरे होती. शब्द मराठी, पण ऱ्हस्वदीर्घाची ओढाताण अशी की गाणाऱ्याची जीभ अडखळावी. खेड्यातून आलेल्या माणसाला ती चाल आधी शिकावी लागे, म्हणजे प्रार्थनेच्या आधी एक परीक्षा! कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ओवी, अभंग, साकी, दिंडी यांचा आश्रय केला आणि ख्रिस्ती कीर्तन उभे केले. कीर्तनात श्रोत्याला पुस्तक लागत नाही. बुवांनी चरण म्हटला की टाळकऱ्यांनी उचलायचा. दुसऱ्या वेळी कोपऱ्यात बसलेला अनोळखी माणूसही उचलतो.

याकडे वाङ्मयेतिहासात ‘देशी रूपाचा स्वीकार’ म्हणून पाहण्याची रीत आहे. ती आम्हांस अपुरी वाटते. देशी कोणाचे? अभंग ब्राह्मण ख्रिस्त्याला बालपणीच्या घरासारखा होता. महार ख्रिस्त्याला तसा नव्हता. चोखामेळ्याची समाधी पंढरपुरास महाद्वाराच्या बाहेर, पायरीपाशी आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या जातीच्या माणसांनी कीर्तन ऐकले ते बाहेरून. त्यांच्या मुखी अभंग होता, पण देवळाच्या आत उभे राहून गाण्याचा अधिकार नव्हता. नगरच्या मंडळीत तोच छंद त्यांनी छपराखाली, इतरांच्या मांडीला मांडी लावून गायिला. एकासाठी ते मागे सोडलेल्या घराची आठवण होते, दुसऱ्यासाठी पहिला प्रवेश. एकच चाल दोन नवागतांना दोन वेगळ्या गोष्टी देत होती. आमच्या अभ्यासक्रमांत मात्र पहिल्याचीच नावे आहेत, कारण लिहून ठेवले त्यानेच.

नारायण वामन टिळक हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ‘उपासना संगीता’त दोनशेहून अधिक पदे त्यांची आहेत. परंतु नवागताच्या दृष्टीने पाहायचे तर टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंकडे पाहावे. पती ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षे नातलगांकडे राहिल्या, मग नवऱ्याजवळ आल्या, तरी सोवळे सुटले नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो खरे, पण त्या हसण्याखाली केवढी भीती आहे! त्यांच्यावर कोणी घाई केली नाही, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, आणि तरीही एका कुटुंबात राहणे त्या घराला परवडले. पुढे जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडला, उत्तरही त्यांनीच दिले, आणि कोणाच्याही हातचे घ्यायला हरकत नाही असे ठरवले. १९०० मधला बाप्तिस्मा त्यानंतरचा. आधी पाण्याचा पेला, मग धर्म. परमहंसांचा क्रमही वरवर हाच होता. पण तेथे पाव खाणे ही प्रवेशाची अट होती. येथे कोणी अट घातली नव्हती.

त्याच घरात पुढे ठोमरे नावाचा एक हळवा तरुण राहिला. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात बालकवी म्हणून गाजलेला हा मुलगा नगरला टिळकांच्या घरी मुलासारखा वाढला, भांडला, रुसला, आणि हिंदूच राहिला. धर्मप्रचारकाच्या घरी हे घडावे याचे समकालीनांना नवल वाटले असेल. आम्हांला त्यात टिळकांच्या कवितेवरील सर्वांत चांगले भाष्य दिसते.

याच्या नेमकी उलट वाट पंडिता रमाबाईंची. १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून वाचवलेल्या मुलीबायांना आसरा दिला. कोणी मध्य प्रांतातून आलेली, कोणी १९०० च्या सुमारास गुजरातेतून. पुराणे तोंडपाठ असलेल्या या विदुषीला अभंगाचा पूल नको होता. संस्कृतप्रचुर शब्दांत जुनी देवळे लपलेली असतात, असा त्यांचा संशय होता. म्हणून त्यांनी मूळ भाषांवरून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले, जे त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. १९०५ साली केडगावी जे धर्मजागरण झाले त्यात शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत. पाहुण्यांना तो कोलाहल वाटे. आम्हांला असे वाटते की जिला मराठी धड येत नाही, जिला शेजारणीची चाल ठाऊक नाही, तिला त्या कोलाहलातच जागा मिळाली असेल. सुरात गाणाऱ्या समूहात बेसूर ओळखू येतो. सगळ्याच आपापले बोलत असता कोणी उपरे राहत नाही. टिळकांची वाट काव्याच्या दृष्टीने श्रीमंत, यात शंका नाही. परंतु तुकाराम ज्यांच्या कानी कधी पडलाच नव्हता त्यांच्यासाठी त्या पुलाचा उपयोग नव्हता, हे रमाबाईंनी ओळखले.

टिळक शेवटी आपल्याच मंडळीच्या भिंतीशी येऊन ठेपले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही शिष्य म्हणून प्रवेश होता. मिशनच्या अनेक हितचिंतकांना हे रुचले नाही, आणि त्यांचा आक्षेप पोकळही नव्हता: उंबराच नसेल तर आत येणे म्हणजे काय? जो महार कुटुंबप्रमुख गावाचा रोष पत्करून, बलुत्यावर पाणी सोडून बाप्तिस्म्याला उभा राहिला, त्याने मोजलेल्या किमतीचे काय? टिळकांना या प्रश्नाचे उत्तर रचायला पुरेसा अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबारही फार दिवस टिकला नाही. पदे तेवढी उपासनेच्या पुस्तकात राहिली.