शेजारी कोण हवं? वर्गाचा पहिला नकाशा

सहावी-सातवीत तुमच्या शेजारी कोण बसायचं, हे तुम्हाला आठवत असेलच. बाईंनी बसवलेलं कोण आणि आपल्याला हवं होतं ते कोण, हेही! ही तफावत कागदावर मांडली ती जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाने. गडी व्हिएन्नात शिकला आणि १९२५ मध्ये अमेरिकेत आला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका सरकारी शाळेत, बालवाडी ते आठवीच्या मुलांना त्याने साधा प्रश्न विचारला: तुला शेजारी कोण हवं? दोन नावं सांग.

मग त्याने चित्रं काढली. मुलगा म्हणजे त्रिकोण, मुलगी म्हणजे वर्तुळ, निवड म्हणजे रेघ. आज आम्ही संगणकावर जी नेटवर्कं काढतो, त्यांचे हे आजोबाच म्हणा ना. ३ एप्रिल १९३३ ला न्यूयॉर्क टाइम्सने त्याची बातमीही छापली.

आता जरा हिशोब करू. ३० मुलांचा वर्ग धरा. निवडी झाल्या ६०, म्हणजे सरासरी प्रत्येकाच्या वाट्याला दोन. पण मैत्री काही सरासरीने वाटली जात नाही. मोरेनोच्या चित्रांत काही मुलांभोवती रेघांची नुसती गर्दी आहे, तर काहींकडे एकही रेघ येत नाही. त्या मुलांनीही दोन नावं दिलेलीच असतात, बरं का.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. कोण लाडकं आणि कोण एकटं, याचा अंदाज शिक्षकांनाही बांधायला सांगितला होता. लहान वर्गांत तो बराचसा जुळला, पण वरच्या वर्गांत चुकत गेला. म्हणजे गटात सामावणं मुलांना सगळ्यात जड जातं त्याच वयात मोठ्यांना ते दिसेनासं होतं.

या चित्रात एक उणीव मात्र राहते. ज्याचं नाव कुणीच घेतलं नाही, तो नकोसा आहे की कुणाच्या लक्षातच आलेला नाही? १९८२ मध्ये कोई, डॉज आणि कोप्पोटेली यांनी मुलांना ‘कोण आवडतं’ सोबत ‘कोण आवडत नाही’ हेही विचारलं आणि ‘नाकारलेली’ व ‘दुर्लक्षित’ मुलं वेगळी काढली. तेव्हापासून वाद चालू आहे, की बारा वर्षांच्या मुलाला नावडत्यांची नावं विचारावीत का? कारण वर्ग सुटल्यावर मुलं पहिलं काय विचारतात, तर “तू कोणाचं नाव लिहिलंस?”