अजगराचे गाव

मागच्या हिवाळ्यात शाळेची सहल एका प्राणिसंग्रहालयात नेली होती. शेजारशेजारच्या दोन पिंजऱ्यांत दोन अजगर पहुडले होते आणि दोन्ही पाट्यांवर शब्द एकच : ‘अजगर’. माझ्या वर्गातली एक मुलगी बराच वेळ जाळीला नाक लावून उभी होती. मग म्हणाली, “गुरुजी, हे दोघे एका गावचे नसावेत. ह्याच्या डोक्यावरचा बाण पुढे पुसट झालाय, त्याचा मात्र नाकापर्यंत ठसठशीत आहे.” रखवालदाराला विचारले. तो म्हणाला, “कुठले कोण जाणे! मी लागलो तेव्हापासून इथेच आहेत.”

त्या पोरीने पाहिले ते ओळखायला शास्त्राला किती काळ लागला, ते ऐकण्यासारखे आहे.

आपल्या अजगराला लिनीयसने १७५८ साली ‘मोलुरस’ हे नाव दिले. १८२० साली हाइनरिख कूल या जर्मन तरुणाने पूर्वेकडचा अजगर वेगळा मानून त्याला ‘दोन पट्ट्यांचा’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढल्याच वर्षी बिचारा जावा बेटावर वारला. वय अवघे २३. नंतरच्या पंडितांनी हे दोन अजगर एकाच जातीच्या दोन शाखा ठरवले. २००९ साली ते पुन्हा विभक्त झाले.

खुणा तशा साध्या आहेत. आपला अजगर रंगाने फिकट, डोक्यावरचा बाण नाकाकडे विरत गेलेला. त्याच्या ओठावरचा एखादा खवला थेट डोळ्याला टेकतो. पूर्वेकडचा, म्हणजे ईशान्य भारत, ब्रह्मदेश, सयाम इकडचा, रंगाने गडद. त्याचा डोळा आणि ओठ यांच्यामध्ये बारीक खवल्यांची एक ओळ असते.

१८४१ साली पॅरिसच्या संग्रहालयात एक अजगरीण अंड्यांना वेटोळे घालून बसली. तिचे अंग भोवतालच्या हवेहून उबदार असल्याचे वॅलन्सिएन या शास्त्रज्ञाने मोजून पाहिले आणि ती दोन पट्ट्यांची, हेही नोंदले. म्हणून ते टिपण आजही उपयोगी पडते.

नोंद सुटली की काय होते, ते अमेरिकेत दिसले. हौसेखातर नेलेले ब्रह्मी अजगर फ्लॉरिडाच्या दलदलीत मोकळे झाले, वाढले, आणि तिथली ससे-रॅकूनांसारखी जनावरे दिसेनाशी होऊ लागली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत सुमारे ४०० अजगरांपैकी १३ जणांत मातृवंशाची खूण आपल्याकडच्या अजगराची निघाली. दोन देशींचे रक्त केव्हा, कोठे मिसळले, हे आता कोणाला सांगता येणार?

आपल्याकडे अजगराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. पण गारुड्याच्या टोपलीतून सोडवलेल्या अजगराला सोडायचे कोणत्या रानात? सह्याद्रीच्या की आसामच्या? कायदा त्याला टोपलीतून सोडवील. घरी पोचवायला मात्र गावाचे नाव लागते.

शाळेच्या रजिस्टरात जन्मस्थळाचा एक रकाना असतो. नवी नावे घालताना घाईत मी तो कितीदा कोरा सोडला आहे! वीस वर्षांनी एखादा बाप्या दाखल्यासाठी दारात उभा राहतो, तेव्हा त्या कोऱ्या जागेची किंमत कळते.

सहलीहून परतल्यावर त्या मुलीने वहीत दोन अजगर काढले, बाणासकट. खाली लिहिले, ‘गाव :’ आणि पुढची जागा मोकळी ठेवली. मी ती खोडली नाही. तिच्याखाली लाल शाईने ‘शाबास’ लिहिले आणि वही परत दिली.